सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांना संगणन शिकवायचं, पण सुरुवात कुठून?

पारंबी

नमस्कार मंडळी. मी राज्यातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. येत्या सत्रापासून एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संगणनाचा अभ्यासक्रम सुरू करायचा आहे आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. इथे सर्वेक्षणातले, संगणकातले आणि परदेशी विद्यापीठांतले अनुभवी लोक आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

विद्यापीठांत जे सर्रास चालतं ते असं. दोन दिवसांची कार्यशाळा होते. बाहेरून कुणीतरी येऊन एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर किंवा पायथन ही संगणकभाषा दाखवतं. उदाहरणाला फुलांच्या पाकळ्यांची मापं नाहीतर टायटॅनिक जहाजावरच्या प्रवाशांची यादी. प्रमाणपत्रं वाटली जातात आणि सोमवारी सगळे पुन्हा एक्सेलकडे. हात जोडून सांगते, पोरांमध्ये काहीही कमी नाही. ज्या मुलीनं वर्षभर ऊसतोड टोळ्यांबरोबर फिरून मुलाखती घेतल्या, तिला पाकळीची लांबी मोजण्यात काय रस असणार?

गरज मात्र खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ६,३६,६९९ घरं आहेत. घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ धरली तर अठ्ठावीस लाखांच्या आसपास ओळी होतात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. बाकीच्या आत येतच नाहीत. इशारा येतो, घाईत तो बंद केला जातो आणि पुढचं सगळं विश्लेषण अर्धवट माहितीवर उभं राहतं. इंग्लंडमध्ये २०२० साली नेमकं हेच झालं. जुन्या एक्सेल फाइलची ओळींची मर्यादा भरली आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीतून गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला तेवढा उशीर झाला.

दुसरं उदाहरण अर्थशास्त्राचं. २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. देशोदेशीच्या काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार दिला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं वर्गातला गृहपाठ म्हणून ते आकडे पुन्हा काढायला घेतले. सरासरीच्या सूत्रात पाच देश आलेच नव्हते. काही वर्षं वगळलेली होती, भारांकनही (कुठल्या देशाला किती वजन द्यायचं तेही) विचित्र होतं. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा २.२ टक्के निघाला. मूळ फाइल त्याला मिळाली म्हणून हे उघड झालं. प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, लिहिलेली असती तर कुणालाही पहिल्याच दिवशी तपासता आलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे खोडून काढायला सोपं जाईल. प्रशिक्षण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रश्नापासून आणि स्वतःच्या माहितीपासून सुरू व्हावं, आणि शिकवणाऱ्यानं निदान एक सत्रभर शेजारी बसावं. भाषा आर की पायथन हा वाद मला दुय्यम वाटतो. तुमचं काय म्हणणं? शिवाय सुपरकॉम्प्युटरची आपल्या लोकांना खरोखर कितपत गरज पडते?

मोजणीदार

पारंबीताई, उत्तम धागा. माझी सगळी नोकरी नमुना सर्वेक्षणाच्या फील्डवर गेली, आता निवृत्त आहे.

आधी एक जुनी गोष्ट, कारण आजच्या मुलांना संगणक म्हणजे इंजिनिअरांची मिरास वाटते. भारतात पहिला डिजिटल संगणक आला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. एचईसी-२एम नावाचं ब्रिटिश यंत्र १९५६ साली तिथे सुरू झालं. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांना तो हवा होता तो नियोजनाच्या आणि सर्वेक्षणांच्या हिशेबासाठी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० सालीच सुरू झालं होतं आणि तिथल्या माहितीचे ढीग हातानं उपसणं अशक्य झालं होतं. अमेरिकेतही हॉलरिथची छिद्रपत्रांची यंत्रं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती १८९० च्या जनगणनेत. माणसं मोजण्याच्या गरजेतून ही यंत्रं वाढली आहेत. तुमचे विद्यार्थी परक्या घरात शिरत नाहीयेत.

आता कामाचं. नमुना सर्वेक्षणाची माहिती तुम्ही उतरवून घेता तेव्हा हाती येतात आकड्यांच्या सलग ओळी. मध्ये स्वल्पविराम नाही, रकाना नाही. कुठला आकडा कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत, हे सोबतच्या लेआउट फाइलमध्ये असतं. ती समोर ठेवून वाचावं लागतं. त्यानंतर येतो गुणक, म्हणजे एक घर आपल्यासारख्या किती घरांचं प्रतिनिधित्व करतं तो आकडा. ६८ व्या फेरीत (२०११-१२) नियम असा होता की एनएसएस (एका उपनमुन्यातल्या गावा-वस्त्यांची संख्या) आणि एनएससी (दोन्ही उपनमुने मिळून संख्या) हे दोन रकाने सारखे असतील तर गुणकाला १०० नं भागायचं, नसतील तर २०० नं. कारण नमुना दोन उपनमुन्यांत घेतला जातो. दोन्ही उपनमुने हाती असतील तर त्यांची सरासरी काढावी लागते, म्हणून दुप्पट भागाकार. हे कळलं नाही तर राज्याची लोकसंख्या दुप्पट निघते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारांक दहा लाखांनी भागायचा असतो, ते वेगळंच.

म्हणून माझी सूचना. पहिले आठ दिवस संगणक उघडूच नका. छापील प्रश्नावली हातात द्या आणि मुलांना दोन-चार घरी पाठवा. ‘गेल्या ३० दिवसांत तेल किती लागलं’ हा प्रश्न चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारला की कळतं, उत्तर कसं तयार होतं. ती आधी डब्याकडे बघते, मग सासूकडे, मग अंदाज सांगते. फाइलमधला दीड किलो तिथून आलेला असतो.

समांतर

मी पुण्यात उच्चक्षमता संगणनात काम करतो, म्हणून सुपरकॉम्प्युटरच्या प्रश्नाला उत्तर देतो.

यंत्रांची वानवा नाही. सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था १९८८ पासून पुण्यात आहे, तिचा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ चा. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ साली ४५०० कोटी रुपयांच्या तरतुदीनं मंजूर झालं. त्यातून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली, कोलकाता इथली परम रुद्र यंत्रं सुरू झाली. वापरणारे बहुतेक हवामान, रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र या विषयांतले. सामाजिक शास्त्रांतून अर्ज येणं मी फार क्वचित पाहिलं आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

पण गरज कधी पडते हे आधी ओळखायला शिकवा. एक उदाहरण देतो. महाराष्ट्रात ४४ हजारांच्या आसपास गावं आहेत. समजा २००१ ची गावयादी २०११ च्या यादीशी जोडायची आहे आणि नावांची स्पेलिंगं जुळत नाहीत. प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून बघायचं तर जवळपास १९० कोटी जोड्या होतात. आमच्याकडचा नवखा इंजिनिअर लगेच म्हणेल, मोठं यंत्र घ्या. पण गाव सहसा आपला तालुका सोडून जात नाही हे ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, तालुक्याच्या आतच ताडा. साडेतीनशेच्या वर तालुके, प्रत्येकात सरासरी सव्वाशे गावं. जोड्या पन्नास-पंचावन्न लाखांवर येतात आणि काम साध्या लॅपटॉपवर होतं. जिथे तालुकेच फुटले तिथे जोडी हातानं लावावी लागते, पण ती संख्या आटोक्यात असते. विषयाची जाण असेल तर निम्म्या वेळा यंत्राची गरजच संपते.

उरलेल्या निम्म्या वेळा मात्र खरंच लागते. उदाहरणार्थ, एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा उपनमुने काढून अंदाजाची अनिश्चितता मोजायची असेल तर तेच गणित हजारदा चालवायचं असतं. प्रत्येक फेरी दुसरीपासून स्वतंत्र, त्यामुळे हजार फेऱ्या शेकडो कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्र गाभ्यांवर, एकाच वेळी सोडता येतात. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ साली वस्त्या वेगळ्या कशा पडतात याचं प्रारूप मांडलं. शेजारी थोडेफार आपल्यासारखे असावेत एवढीच प्रत्येकाची अपेक्षा, आणि तरी अख्खं शहर तुकड्यांत विभागलं जातं. सोंगट्या आणि पट घेऊनही ते करून बघता येतं. पण मुंबईएवढ्या शहरावर, भाडं, नोकरी आणि लोकलचं अंतर घालून ते चालवायचं तर क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, हवाच.

शिकवताना तीन गोष्टी मी पहिल्याच तासाला सांगतो. लॉगिन नोडवर काम चालवायचं नाही, ते यंत्र म्हणजे सगळ्यांचं आत यायचं दार असतं. काम स्क्रिप्टमध्ये लिहून स्लर्म या कामवाटपाच्या प्रणालीच्या रांगेत द्यायचं आणि किती वेळ, किती मेमरी लागेल हे स्वतः सांगायचं. आणि स्क्रॅच म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात, निकाल लगेच हलवायचे.

तळटीप

मी पीएच.डी. करते आहे. विषय मराठवाड्यातला दुष्काळ आणि वर्तमानपत्रं. १९७२ च्या दुष्काळाच्या बातम्या आणि २०१६ च्या, ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्यांची तुलना. जुने अंक स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरनं अक्षरओळख करून घेतली. मग बातम्यांत कुठले शब्द किती वेळा येतात ते मोजायला घेतलं.

पायथनमध्ये मजकूर मोजायला सगळीकडे शिकवली जाणारी एक लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) आहे, तीच वापरली. तक्ता आला. सगळ्यात वर ‘कर’. खाली ‘मदत’ ठळक. ‘दुष्काळ’ शून्य. ‘पाणी’ शून्य. ‘शेतकरी’ शून्य, त्याच्या जागी ‘तकर’ असं काहीतरी.

दुष्काळाच्या हजारो बातम्यांत दुष्काळ हा शब्दच नाही हे शक्यच नव्हतं, म्हणून खोदत गेले. पायथनची साधी शब्दओळख इंग्रजी अक्षरं आणि आपली मूळ व्यंजनं ‘अक्षर’ म्हणून मानते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोड ही चिन्हं तिच्या लेखी अक्षरं नाहीत, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. वर एकअक्षरी तुकडे टाकून द्यायचे असा त्या लायब्ररीचा आधीपासून ठरलेला नियम. ‘पाणी’चे झाले प आणि ण, दोन्ही कचऱ्यात. ‘दुष्काळ’ अक्षर अक्षर होऊन पूर्ण गेला. ‘कर्ज’ तुटून राहिलं ‘कर’. ‘टँकर’ही चंद्रबिंदूपाशी तुटून राहिला ‘कर’. कर्ज आणि टँकर मिळून ‘कर’ पहिल्या क्रमांकावर! ‘मदत’ तेवढी वाचली, कारण तिला मात्राच नाही.

प्रोग्राम कुठेही अडला नाही, लाल अक्षरांत काही आलं नाही. ज्याला मराठी येत नाही तो या तक्त्यावरून ‘दुष्काळी भागातल्या बातम्यांत करआकारणीची चर्चा’ असा शोधनिबंध लिहून मोकळा होईल. पारंबीताई, तुमच्या अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात हे दाखवाच. मुलांना एका तासात कळेल की तक्ता वाचायला विषय माहीत असावा लागतो.

उपाय सोपा आहे. शब्द म्हणजे काय हे आपण सांगायचं, युनिकोडची (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीची) देवनागरी पट्टी ०९०० ते ०९७एफ अशी पूर्ण द्यायची. आरमध्ये स्ट्रिंगआर पॅकेज वापरलं तर ही अडचण येत नाही, कारण ते आयसीयू नावाच्या युनिकोडच्या लायब्ररीवर चालतं आणि तिथे मात्रा शब्दाचाच भाग धरल्या जातात.

समांतर

तळटीप, हे उदाहरण मी माझ्या प्रशिक्षणात वापरू का? इतकं बोलकं उदाहरण मला अजून मिळालं नव्हतं.

एक भर घालतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे साठवला जातो. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी साधा र, पायमोड आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तो न दिसणारा कोड देवनागरीच्या पट्टीबाहेर आहे, म्हणजे तुझ्या उपायानंतरही असे शब्द तुटतील. आधी सगळा मजकूर एका रूपात आणून घे, मग मोज. शिवाय त्या पट्टीत दंडही येतो, तो काढून टाक.

तळटीप

जरूर वापरा. आणि जोडचिन्हाबद्दल खूप आभार, ‘दुसऱ्या’ दोनदा का दिसतो हे आत्ता कळलं. आता विभक्तीचं बघते आहे. शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांचे, शेतकऱ्यांसाठी हे सगळे वेगळे मोजले जातात.

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका.

मी मानववंशशास्त्रात आहे, एका भटक्या समाजाबरोबर काम करते. या समाजाची नावं तुमच्या कुठल्याच यादीत नीट नाहीत. बऱ्याच जणांकडे जातीचा दाखला नाही, पत्ता नाही. माहिती जितकी मोठी होते तितके हे लोक आणखी बारीक दिसतात, आणि मग ते आहेत हेच विसरलं जातं. उद्या निधी देणारे म्हणतील, दहा बायकांशी बोलून काय सिद्ध होतं, लाखाचा नमुना आणा. तुमच्या अभ्यासक्रमाचा हा परिणाम होणार नाही याची हमी काय?

दुसरी काळजी गोपनीयतेची. हल्ली नावावरून धर्म, जात, लिंग ओळखणारी प्रारूपं आली आहेत. भारतातल्या कोट्यवधी न्यायालयीन नोंदींवर असं काम झालेलं आहे, आणि न्यायाधीश स्वधर्मीयांना झुकतं माप देतात का हा त्यातला प्रश्न महत्त्वाचाच होता. पण तेच साधन दंगलीच्या शहरात कुणाच्या हाती पडलं तर? आडनावावरून जात काढणाऱ्या यंत्राला ‘गायकवाड’ दिलं तर ते काय सांगणार? महाराष्ट्रात हे आडनाव किती समाजांत आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

पारंबी

उंबरठाताई, राग कसला, हे लिहिलंत ते बरं केलंत. तुमचा पहिला मुद्दा मी पूर्ण मानते. कोण मोजलंच गेलं नाही हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवायचा आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे नंतरच्या बऱ्याच नमुन्यांच्या मुळाशी २०११ चीच जुनी यादी आहे. एवढी एक गोष्ट मुलांना नीट समजली तरी सर्वेक्षणाकडे बघण्याची नजर बदलते.

गोपनीयतेवर स्वतंत्र तास हवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला आणि सांख्यिकी कामाला काही अटींवर सूट आहे. पण कायद्यानं सूट दिली म्हणून आपण सुटत नाही. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कुठल्या सर्व्हरवर चढवायचं, नावं कधी काढायची, एका गावातल्या एकमेव विधवा सरपंच बाईंचं नाव काढूनही त्या ओळखू येतात त्याचं काय करायचं, हे सगळं प्रत्यक्ष फाइल घेऊन शिकवावं लागेल. तुम्ही हा तास घ्याल का? मी मनापासून विचारते आहे.

दूरदेशी

अमेरिकेत एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतो. इथे काय चालतं ते थोडक्यात.

मिशिगन विद्यापीठातली आयसीपीएसआर ही संस्था १९६२ पासून आहे आणि तिची उन्हाळी प्रशिक्षणं पुढच्याच वर्षी सुरू झाली. कल्पना साधी होती: विद्यापीठांनी मिळून माहिती एकत्र साठवायची आणि ती वापरायला शिकवायचं, दोन्ही एकाच छताखाली. मला यातलं हे एकत्र असणं फार मोलाचं वाटतं. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्या (२००४-०५ आणि २०११-१२) तिथेच उपलब्ध आहेत. त्यात बरीचशी घरं तीच आहेत, म्हणजे सात वर्षांत एका घराचं काय झालं हे बघता येतं. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली माहिती शोधून सापडणार नाही.

दुसरं म्हणजे संगणकीय सामाजिक शास्त्राची उन्हाळी शाळा. मॅथ्यू सालगानिक आणि ख्रिस बेल यांनी २०१७ मध्ये प्रिन्स्टनला सुरू केली. पुढे जगभर जोडशाळा निघाल्या आणि व्याख्यानं, साहित्य सगळं खुलं ठेवलं. पहिला आठवडाभर शिकायचं, उरलेला वेळ अनोळखी विषयातल्या लोकांबरोबर गट करून प्रत्यक्ष संशोधन करायचं. मैत्री आणि शोधनिबंध दोन्ही त्या दुसऱ्या भागातून निघतात.

पण डोळे झाकून उचलू नका. इथे विद्यार्थ्याला पदवीपर्यंत संख्याशास्त्राचे दोन-तीन विषय झालेले असतात आणि क्लस्टरचं खातं विद्यापीठ देतं. आपल्याकडे त्याआधीचा पूल बांधावा लागेल.

आडवाट

तो पूल कुठे बांधायचा ते मी सांगतो. तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेत संगणक आहेत, पण दुपारी लोडशेडिंग. निम्म्या मुलींकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, फोनही भावाबरोबर वाटून. तरी त्यांना शिकायचं आहे, माझ्या वर्गात या विषयाला कधी जागा रिकामी राहिली नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून चित्रफिती आहेत, त्या आधी उतरवून ठेवतो आणि इंटरनेट नसताना लावतो. प्रत्यक्ष काम गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर, म्हणजे जड गणित तिकडे होतं आणि आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. आणि माहिती जिल्ह्याची घेतो. पहिल्या दिवशी मुलं गावदर्शिकेत, म्हणजे गावोगावच्या सोयींच्या सरकारी यादीत, आपापलं गाव शोधतात. गावात हातपंप आहे का, शाळा किती लांब, पक्का रस्ता आहे का. एका मुलीनं तिथेच सांगितलं, सर, ही शाळा कागदावर आहे, आमच्याकडे नाही. पुढच्या तासाला तिनं आजूबाजूच्या गावांची यादी स्वतःहून करून आणली आणि त्यासाठी लागणाऱ्या आज्ञा मैत्रिणीकडून शिकून घेतल्या. मी शिकवायच्या आधी.

विनंती एकच. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या आवारापुरता ठेवू नका आणि मराठीत ठेवा. चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत येतो तो येऊ द्या, तो वाचायला शिकवता येतं. पण समजावणं मराठीत हवं.

मोजणीदार

आडवाट सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. कागदावरची शाळा शोधणं हे तपासनिसाचं काम आहे, आणि ते तिनं कुणी न सांगता केलं.

पारंबी

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतच्या चर्चेवरून असा बेत डोक्यात आहे. सत्र सोळा आठवड्यांचं. सुरुवातीला मोजणीदार काकांची प्रश्नावली आणि घरभेटी. मग स्क्रिप्ट लिहिणं, फाइलींची नावं, आणि फाइलींतले बदल नोंदवणारं गिट. त्यानंतर प्रत्येकाची स्वतःची माहिती, आणि इथेच सर्वाधिक वेळ द्यायचा. सुपरकॉम्प्युटर शेवटी, तोही ज्यांना लागेल त्यांनाच, पण रांगेत काम टाकून बघणं सगळ्यांनी एकदा करायचं. परीक्षेऐवजी दुसऱ्याच्या स्क्रिप्टवरून त्याचा निकाल पुन्हा काढून दाखवायचा. हर्न्डननं वर्गात केलं तेच.

अडचण शिकवणाऱ्यांची आहे. मी एकटी वीस जणांच्या शेजारी बसू शकत नाही. समांतर, तुमच्याकडून आठवड्यातून एक दुपार कुणी येऊ शकेल का?

समांतर

मी येतो. शुक्रवार चालेल. आणखी दोघांना विचारतो, त्यांच्यातली एक संख्याशास्त्राची आहे. मात्र एक अट आहे, तुमच्या विद्यार्थ्यांनी आम्हालाही शिकवायचं. आमच्याकडच्या मुलांना गुणक माहीत नाही, प्रश्नावली माहीत नाही, आणि सरकारी माहितीवर प्रारूपं तेच बनवत असतात.

उंबरठा

गोपनीयतेचा तास मी घेते. दोन द्या, एकात भागणार नाही. आणि माझ्या दोन विद्यार्थिनी पाठवते. त्यांच्याकडे मुलाखतींची साडेचारशे पानं आहेत. मोजण्यासाठी नाही, पण कोण कुणाचं नाव कुठल्या संदर्भात घेतं हे शोधायला त्यांना स्क्रिप्टची मदत होईल असं तळटीपचं वाचून वाटलं.

तळटीप

नक्की होईल. त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला आहे ना, एवढं आधी बघा. जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी रूपांतर करावं लागेल. एखादं पान नावं काढून मला पाठवा, मी बघून सांगते.